मुलांची सांधेदुखी मोजायची साधनं: कोणती हाताशी ठेवावीत, कोणती कपाटात

लहान मुलांची वेदना मोजायच्या पट्ट्या, तक्ते आणि प्रश्नावल्या ढिगाने आहेत. त्यातल्या बहुतेक सुई टोचणं, शस्त्रक्रिया, अपघात अशा चार दिवसांच्या वेदनेसाठी बनल्या. जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, म्हणजे वयाच्या सोळाव्या वर्षाआधी सुरू होऊन किमान ६ आठवडे टिकलेला आणि दुसरं कारण न सापडलेला सांधेदाह, हा मामला वेगळा आहे. वेदना सकाळी एक, दुपारी दुसरी. मध्येच पंधरा दिवस काही नाही, मग पुन्हा सुरू. हे वर्षानुवर्षं चालू राहतं. म्हणून या परीक्षणात प्रत्येक साधनाला एकच प्रश्न लावला आहे: मिळालेल्या आकड्यावरून या मुलाबद्दल काही ठरवता येतं का?

उत्तर आधीच सांगून टाकतो. एकट्या आकड्यावरून कुठल्याच साधनाने ते ठरत नाही. पण काही साधनं योग्य जोडीदारासोबत उत्तम काम करतात आणि काही चक्क दिशाभूल करतात.

एफपीएस-आर: चेहऱ्यांची सुधारित पट्टी

पहिली पसंती हिलाच. १९९० साली सात चेहऱ्यांची पट्टी आली आणि २००१ मध्ये तिचे सहा चेहरे झाले. त्यामुळे गुण ०, २, ४, ६, ८, १० असे बसतात आणि ० ते १० च्या इतर मोजमापांशी मेळ लागतो. चेहरे साधे रेखाटलेले आहेत. पहिला चेहरा हसरा नाही, निर्विकार आहे, आणि शेवटच्याच्या डोळ्यांत अश्रू नाहीत. हाच तिचा मोठा गुण. ज्याचा गुडघा रोजच दुखतो ते मूल रडत बसत नाही. अश्रूंचा चेहरा समोर ठेवला की ते म्हणतं, मी कुठे रडतोय, आणि दोन घरं अलीकडचा चेहरा दाखवतं.

वापरायची पद्धत सोपी आहे, पण बिघडवायलाही तितकीच सोपी. मुलाला असं सांगावं: "हे चेहरे बघ. किती दुखू शकतं ते यात दाखवलंय. हा पहिला, याला अजिबात दुखत नाहीये. इकडे जाऊ तसं जास्त जास्त दुखतंय. हा शेवटचा, याला खूप खूप दुखतंय. आत्ता तुला जेवढं दुखतंय, तो चेहरा दाखव." 'आनंदी' आणि 'दुःखी' हे शब्द तोंडातून येता कामा नयेत. ते आले की मूल आपला मूड सांगतं आणि गुडघा राहतो बाजूला. 'तू कल्पना करू शकशील अशी सगळ्यात भयंकर वेदना' असं शेवटच्या चेहऱ्याचं वर्णनही करू नये. सहा वर्षांच्या मुलाला ती कल्पना करता येत नाही, आणि करता आली तर ते घाबरतं. पट्टीसोबत वेगवेगळ्या भाषांतल्या तयार सूचना मिळतात. आपल्या भाषेतली असेल तर तीच शब्दशः वाचावी, आपल्या मनाने सजवू नये.

सर्रास होणारी चूक म्हणजे मोठ्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे बघून पट्टीवर जुळणारा चेहरा शोधणं. ही पट्टी मुलाला आतून काय वाटतं ते विचारते, त्याचं तोंड कसं दिसतं ते नाही. नोंदवहीत 'एफपीएस-आर ७' किंवा '५' लिहिलेलं दिसलं तर खुशाल समजा की पट्टी मुलासमोर धरलीच गेली नाही, कारण या पट्टीवर विषम आकडा नाहीच.

वय ४ पासून पुढे, असं पट्टीसोबत सांगितलेलं असतं. व्यवहारात चार-पाच वर्षांची बरीच मुलं फक्त दोन टोकांचे चेहरे दाखवतात: पहिला किंवा शेवटचा. त्यांना मधली प्रतवारी कळते का, हे पाहायला एक छोटी चाचणी पुरते. वेगवेगळ्या आकाराचे पाच-सहा ठोकळे द्या आणि लहानापासून मोठ्यापर्यंत लावायला सांगा. ते जमलं तर पट्टी वापरा. नाही जमलं तर दोन पायऱ्यांत विचारा. आधी "दुखतंय की नाही?" आणि हो म्हटलं तरच "थोडं, मधलं, की खूप?" आकडा ढोबळ मिळेल, पण खोटा मिळणार नाही. २०१९ साली स्वतः सांगायच्या वेदनामापन साधनांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र, थोड्या काळाच्या वेदनेसाठी ० ते १० चे आकडे, एफपीएस-आर आणि रंगपट्टी यांची ठाम शिफारस होती. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र एकाही साधनाची शिफारस करता आली नाही, आणि दीर्घकालीन वेदनेसाठी जी झाली ती कमकुवत पुराव्यावरची होती. तेव्हा पट्टी चांगली असली तरी तिच्या जिवावर औषधाचा डोस बदलू नये. एका चेहऱ्याचा फरक कधी कधी फक्त झोप कमी झाल्याचाही असतो.

वाँग-बेकर चेहरे

गोल चेहऱ्यांची, पहिला हसरा आणि शेवटचा रडका अशी ही पट्टी १९८०च्या दशकातली. दवाखान्यांच्या भिंतींवर सर्वात जास्त हीच दिसते. मुलांना ती आवडते, हे खरं. पण हसऱ्या चेहऱ्यापासून सुरू होणाऱ्या पट्ट्यांवर निर्विकार चेहऱ्यापासून सुरू होणाऱ्यांपेक्षा जास्त गुण पडतात, हे तुलनेच्या अभ्यासांत दिसलं आहे. दुखत नसलेलं पण कंटाळलेलं, तपासणीला वैतागलेलं मूल हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवत नाही. भिंतीवर आधीपासून असेल तर चालवून घ्या, पण एका भेटीला ही आणि दुसऱ्या भेटीला एफपीएस-आर असं करून आकड्यांची तुलना करू नका. नव्याने घ्यायची असेल तर घेऊ नका.

आकडे आणि रेषा

साधारण आठव्या वर्षापासून ० ते १० चे तोंडी आकडे उत्तम चालतात. साहित्य काही लागत नाही, फोनवरही विचारता येतं. हुशार सहा-सात वर्षांच्या मुलालाही जमतं, पण "चार मोठे की सात?" एवढं आधी विचारून घ्यावं.

१० सेंटीमीटरची आडवी रेषा ही संशोधकांची लाडकी आणि छपाईयंत्राची बळी. रेषेवर मुलाने खूण करायची, डावीकडून पट्टीने मिलिमीटर मोजायचे. पान छापताना 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला की रेषा आक्रसते, फोटोकॉपीची फोटोकॉपी काढली की आणखी बदलते. समजा रेषा ९.४ सेंटीमीटरची छापली गेली आणि मुलाने बरोबर मध्ये खूण केली. मोजणारा ४.७ लिहिणार, खरा गुण आहे ५. म्हणून प्रत्येक नव्या गठ्ठ्यातलं एक पान मोजून बघावं, आणि लांबी चुकली असेल तर खुणेचं अंतर भागिले रेषेची खरी लांबी गुणिले १० असं करावं. आणखी एक खाचखळगा आहे. चाइल्डहुड हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर, म्हणजे सीएचएक्यू, या प्रश्नावलीतली मूळ वेदनारेषा १५ सेंटीमीटरची असते आणि तिचे गुण ० ते ३ असे काढतात, म्हणजे सेंटीमीटर गुणिले ०.२. दोन दवाखान्यांचे कागद शेजारी ठेवून कुणी '१.८ वरून ६ झालं' असं म्हणत असेल, तर आधी रेषेची लांबी विचारा. १५ सेंटीमीटरच्या रेषेवरचे १.८ आणि १० च्या पट्टीवरचे ६ हे एकच आहेत.

या कटकटीवर चांगला तोडगा जामार या सांधेदाहाच्या मुलांसाठीच्या अहवालपत्रात आहे. तिथे रेषेऐवजी ० ते १० पर्यंत अर्ध्या-अर्ध्या गुणाची २१ वर्तुळं एका ओळीत असतात आणि एक काळं करायचं असतं. मोजपट्टी नको, छपाईने लांबी बदलली तरी बिघडत नाही. रेषा वापरायची सक्ती नसेल तर वर्तुळं घ्या.

फ्लॅक: चुकीच्या कामाला लावलेलं चांगलं साधन

चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत काढता येणं या पाच गोष्टींना बघणाऱ्याने द्यायचे प्रत्येकी ० ते २ गुण, बेरीज १० पैकी. बोलता न येणाऱ्या किंवा लहान मुलांच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी हे बनलं आणि तिथे ते भरवशाचं आहे. सांध्यात सुई देऊन औषध सोडताना, रक्त काढतानाही वापरावं. मतिमंदत्व किंवा बोलण्याची अडचण असलेल्या मुलांसाठी सुधारित आवृत्ती आहे. तिच्यात पालकांनी सांगितलेल्या त्या मुलाच्या खास खुणा नोंदवता येतात. ती जरूर ठेवावी.

पण दोन वर्षांच्या, एक गुडघा सुजलेल्या मुलीला बाह्यरुग्ण विभागात फ्लॅक लावलं तर बहुधा शून्य येईल. ती आईच्या मांडीवर शांत बसलेली असते. कारण तिने दुखेल ती हालचाल करणंच सोडून दिलेलं असतं. या वयात गुणांपेक्षा सवयी विचाराव्यात. सकाळी उठल्यावर कडेवर घ्या म्हणते का? जिना चढते पण उतरताना हात पसरते का? उकिडवं बसायचं बंद झालंय का? खेळणं नेहमीच्या हाताने उचलायची, आता दुसऱ्याने उचलते का? लंगोट बदलताना पाय फाकवला की रडते का? हा शेवटचा प्रश्न खुब्याच्या सांध्याचा आहे. चालायला शिकलेलं मूल पुन्हा रांगायला किंवा ढुंगणावर सरकायला लागलं, तर ती वेदनेची नोंदच आहे, आकडा मिळो न मिळो.

शरीराचं चित्र

एकच वस्तू निवडायची म्हटलं तर एफपीएस-आर आधी, आणि तिच्यासोबत लगेच हे. समोरची आणि पाठीमागची बाह्यरेखा छापलेला कागद, आणि रंगपेन्सिली. व्हार्नी-थॉम्पसन यांच्या १९८७ च्या वेदना प्रश्नावलीत याची सुरेख रीत आहे. मुलाने आधी चार चौकटींसाठी स्वतःच चार रंग निवडायचे: दुखत नाही, थोडं, मध्यम, खूप. मग त्या रंगांनी चित्र रंगवायचं. रंग मुलाचेच हवेत. लाल म्हणजे जास्त हे मोठ्यांचं गृहीतक आहे, कुणाला लाल आवडता म्हणून तो 'दुखत नाही'ला जातो.

चित्रात सर्वाधिक घोटाळा डाव्या-उजव्याचा होतो. समोरून काढलेलं चित्र बघताना मुलाला वाटतं आपण आरशात बघतोय, आणि उजव्या गुडघ्याची खूण चित्राच्या डाव्या गुडघ्यावर बसते. उपाय दोन आहेत. कागदावर 'उजवा' आणि 'डावा' ठळक छापून घ्यावं. आणि रंगवून झाल्यावर "आता तुझ्या अंगावर बोट ठेवून दाखव" म्हणावं. बोट आणि कागद जुळले नाहीत तर बोट खरं.

चित्र वाचता आलं पाहिजे. टाचेच्या मागे किंवा तळाशी आणि गुडघ्याच्या वाटीखाली रंग असेल तर स्नायूबंध हाडाला जिथे चिकटतात तिथला दाह मनात यावा, विशेषतः दहा वर्षांच्या पुढच्या मुलग्यात. फक्त मांडीचा पुढचा भाग आणि गुडघा रंगवला आणि गुडघा तपासल्यावर निर्दोष निघाला, तर खुबा तपासा. खुब्याचं दुखणं गुडघ्यात सांगणं मुलांत नेहमीचं आहे. सांधे सोडून अख्खं शरीर एकाच गडद रंगात भरलं असेल, तर त्याचा अर्थ पुढे येतो.

प्रश्नावल्या

सीएचएक्यू, १९९४ पासूनची. कपडे घालणं, उठणं, खाणं, चालणं, स्वच्छता, हात पोचणं, पकड आणि इतर कामं अशा आठ क्षेत्रांत गेल्या आठवड्यातली अडचण विचारते. गुण ० ते ३. काम भक्कम, पण आजच्या औषधांवर असलेल्या बहुतेक मुलांचा गुण शून्याला चिकटतो आणि खालचा बारीक फरक दिसेनासा होतो.

जामार एका बैठकीत वेदना, सकाळचा ताठरपणा, कामं, औषधांचा त्रास, औषधं वेळेवर घेतली जातात का, असं बरंच विचारतं. पालकांचा आणि मुलांचा फॉर्म वेगळा, भरायला साधारण १५ मिनिटं किंवा कमी. नेहमीच्या भेटींसाठी सगळ्यात उपयोगी प्रश्नावली हीच. एक लक्षात असू द्या: रोगाची सक्रियता मोजायच्या जेडास या गुणांकात वेदना हा घटक नाही. त्यात डॉक्टरांचं एकूण मत, पालकांचं किंवा मुलाचं एकूण मत, रक्तातला दाह आणि सक्रिय सांध्यांची संख्या येते. म्हणजे जेडास चांगला आला म्हणून मूल वेदनामुक्त असं होत नाही.

आठ वर्षांच्या पुढे प्रॉमिस या प्रश्नावल्यांच्या संचातली 'वेदनेचा अडथळा' प्रश्नावली जोडावी. ती किती दुखतं हे विचारतच नाही. गेल्या ७ दिवसांत दुखण्यामुळे झोप, लक्ष, धावणं, शाळा यांत काय अडलं ते विचारते. गुणांची सरासरी ५० धरलेली असते आणि दर १० गुणांना एक प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून गुण किती पसरतात त्याचं माप. शाळा बुडणाऱ्या मुलाबद्दल ही प्रश्नावली चेहऱ्यांच्या पट्टीपेक्षा जास्त सांगते.

वेदनावही आणि ॲप

किशोरांसाठी बरं, लहानांसाठी पालकांची डोकेदुखी. आठवड्याभराची सरासरी आठवून सांगताना सगळ्यात वाईट क्षण आणि शेवटचा दिवस यांचाच रंग चढतो, म्हणून त्या त्या वेळची नोंद खरी. पण वहीत रविवारी संध्याकाळी सात दिवस एकदम भरले जातात. ॲप वेळेचा शिक्का मारतं, एवढ्यासाठी ते सरस. औषध बदलल्यावर दोन आठवडे, सकाळ-संध्याकाळ दोनच नोंदी, एवढंच मागावं. वर्षभर रोज दुखणं लिहायला लावलं तर लक्ष सतत दुखण्याकडेच राहतं. मेथोट्रेक्सेट या आठवड्यातून एकदा घ्यायच्या औषधाचा वार वहीत वेगळा दाखवावा. त्या दिवशीच्या मळमळीचा वैताग वेदनेच्या खात्यावर जमा होतो.

विचारण्याची वेळ आणि क्रम

साधन कोणतंही असो, आकडा सांधे दाबून बघायच्या आधी आणि रक्त काढायच्या आधी घ्यायचा. आधी मुलाला विचारायचं, मग पालकांना, आणि दोन्ही आकडे वेगळ्या रकान्यांत. सरासरी काढायची नाही. "दुखतंय ना गं?" असं सुचवणारं विचारायचं नाही. तीन वेळा स्वतंत्र विचारायच्या: आत्ता, आज सकाळी उठल्यावर, आणि गेल्या सात दिवसांत सगळ्यात जास्त. ताठरपणा मिनिटांत घ्यायचा: उठल्यापासून नेहमीसारखं चालायला लागेपर्यंत किती वेळ? पालक 'बराच वेळ' म्हणाले तर आंघोळीपर्यंत, की शाळेला निघेपर्यंत, असं सकाळच्या क्रमाला बांधून विचारलं की मिनिटं निघतात. मुलाचा आकडा २ आणि वडिलांचा ८ असेल, तर कोण खोटं बोलतंय हे शोधू नका. मूल सवयीने कमी सांगतं किंवा सुईच्या भीतीने लपवतं. पालकांच्या आकड्यात काळजी मिसळलेली असते. तो फरकच पुढच्या संभाषणाचा विषय.

कुठलंच साधन जे सांगत नाही

वेदना आणि दाह यांचं नातं सैल आहे. सुजलेला, गरम गुडघा घेऊन मूल शून्य दाखवू शकतं. जबड्याचा सांधा न दुखता झिजतो. हनुवटी एका बाजूला सरकलेली किंवा तोंड कमी उघडणारं दिसलं तर शंका यावी. डोळ्यातला दाह तर बहुतेकदा पूर्ण मूक असतो. लहान वयात थोड्या सांध्यांचा आजार आणि एएनए ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह असेल, तर मूल कितीही मजेत असलं तरी डोळ्यांची स्लिट-लॅम्पची तपासणी ठरल्या वेळी, साधारण दर ३ महिन्यांनी, झालीच पाहिजे. शून्य वेदना हा ती पुढे ढकलायचा परवाना नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. सूज नाही, रक्ततपासण्या शांत, आणि गुण ९. इथे दोन शक्यता वेगळ्या कराव्या लागतात. जुन्या दाहाने झिजलेला सांधा, कमजोर स्नायू किंवा अतिलवचिक सांधे असतील तर दुखणं वापराने वाढतं आणि विश्रांतीने कमी होतं. चित्रात ते नेमक्या जागी असतं. वेदनेची यंत्रणाच संवेदनशील झाली असेल तर अख्खं चित्र रंगतं, हलक्या स्पर्शानेही दुखतं, झोप बिघडलेली असते, गुण महिनोन् महिने ८ ते १० मध्ये अडकतात. ही वेदना खोटी नसते. पण तिच्यावर दाह दाबणारी जैविक औषधं (बायोलॉजिक्स) वाढवून उपयोग होत नाही. तिथे व्यायाम, झोपेची घडी आणि वेदना हाताळायचं मानसोपचारातलं प्रशिक्षण लागतं. सांध्यांना हात न लावता फक्त आकडा बघून औषध वाढवलं जातं ते याच मुलांचं.

तयार संच हवा असेल तर तो असा: ४ ते ७ वयासाठी एफपीएस-आर, शरीराचं चित्र आणि पालकांकडून जामार. ८ च्या पुढे तोंडी आकडे, चित्र, मुलाचा स्वतःचा जामार आणि वर्षातून दोनदा प्रॉमिस. ४ च्या खाली सवयींची यादी आणि तपासणी. नोंद एका ओळीत बसते: 'एफपीएस-आर आत्ता ४, सकाळी ८, आई ६, ताठरपणा ४० मि., उजवा गुडघा, डावी टाच.' साधनाचं नाव न लिहिलेला नुसता '४' पुढच्या भेटीला निरुपयोगी.

आणि काही मुलांना पट्टी लावतच बसायचं नाही. तापासोबत एकच सांधा लाल, गरम आणि हलवूही न देणारा असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय, कारण सांध्यात पू असू शकतो. रात्री झोपेतून उठवणारं हाडांचं दुखणं, दिसणाऱ्या सुजेच्या मानाने फार जास्त वेदना, वजन घटणं, फिकटपणा, अंगावर निळे डाग असं असेल, तर आधी रक्तपेशींची तपासणी आणि गरज पडली तर अस्थिमज्जा. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, संधिवातासारखा येऊ शकतो, आणि तो नाही याची खात्री होण्याआधी स्टेरॉइड दिलं तर वेदनेचा गुण झपाट्याने उतरतो आणि निदान लांबतं.